आहे त्या स्थितीत

उपासना संपली, माणसं चर्चच्या आवारात चहाला थांबली, आणि शांतवन ओहोळने खिशातला फोन काढून कानाला लावला. स्नेहलचा निरोप होता. तो ऐकता ऐकता त्याने दुसऱ्या हातातला चहा न पिताच बाजूच्या कठड्यावर ठेवला. वास्तविक निरोपात वाईट काहीच नव्हतं. पोरगी खुशीत होती. "भाऊ, आज बारा वाजता नारळ फोडायचाय, तुमी आणि सलोमीकाकू यायचंच. काल वाफेची टाकी एकदा पेटवून बघितली आमी. वरच्या त्या झडपेतनं लय लवकर वाफ सुटायची, नुसती फुसफुस, आवळा काय शिजंना. मग आबांनी तार आवळून ती गच्च बसवली. आता एवढीशीबी वाफ वाया जात न्हाई!" तिच्या मागे बायका हसत होत्या, कुणीतरी हळदकुंकवाचं ताट मागत होतं, आणि निरोप संपला. शांतवनने तो पुन्हा लावला. शब्द तेच होते. समोर पोरं कागदी चांदणीच्या बांबूवरून भांडत होती, पाळकसाहेब कुणाला तरी लग्नाची तारीख विचारत होते, आणि डिसेंबरचं ऊन छान पाठीवर पडलं होतं. त्याने स्नेहलला फोन लावला. लागला नाही. बजरंगला लावला. तोही नाही. त्यांच्या वाडीत रेंज कशी मिळते हे त्याला ठाऊक होतं. टेकाडावरच्या देवळापर्यंत चढून जावं लागतं; हा निरोपही सकाळी कुणी वर गेलं तेव्हाच सुटला असणार, आणि आता पुन्हा कोण कशाला चढेल?

स्नेहल ही बजरंगची सून. आबा म्हणजे तिचा सासरा, बजरंग. आंदर मावळातला हा शेतकरी कितीतरी वर्षं शांतवनच्या वलवणच्या शेडवर करवंदं, जांभळं, आवळे आणून टाकायचा, आणि त्याची बायको बयाबाई हंगामात शेडवर कामाला असायची. शांतवन त्या फळांची सरबतं आणि मोरावळा करायचा; टाकीतल्या वाफेवर शेजारच्या कढईत आवळा शिजायचा. पर्यटकांच्या पिशव्यांतून ते सगळं मुंबई-पुण्याला जायचं. पुढे गुडघे गेले, मुलाने बंगळुरात नोकरी धरली, शेडच्या मालकाला जागा हवी झाली, आणि शांतवनने धंदा गुंडाळला. भंगारवाला वाफेची टाकी न्यायला आलाच होता. पण बजरंग आडवा पडला. सुनेने वाडीतल्या बायकांचा गट काढला होता, त्यांना आवळ्याचा धंदा करायचा होता, आणि टाकी नवी घ्यायची ऐपत नव्हती. "भंगारात कशापायी घालता भाऊ, आमाला द्या," तो म्हणाला. शांतवनने दिली. रीतसर करार करून दिली. एका कोरड्या ओळीत सांगायचं तर एवढंच झालं होतं.

पण झडप गळत नव्हती. ती शांतवननेच सैल करून ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी टाकीच्या तळाच्या जोडावर एक चीर उमटली. केसाएवढी. त्याने वराळ्याच्या एका वेल्डरला आणून ती बुजवून घेतली, वर रंग मारला आणि वेल्डरला विचारलं, "टिकेल ना?" वेल्डरने विडी विझवत सांगितलं, "दाबाचा काटा अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका, साहेब. गेला तर मला नावं ठेवू नका." म्हणून शांतवनने वरच्या झडपेची स्प्रिंग ढिली केली, अशी की काटा अर्ध्यावर आला की वाफ आपोआप बाहेर पडावी. आवळा शिजायला दुप्पट वेळ लागायचा. लागू दे. ती फुसफुस ऐकली की त्याला बरं वाटायचं. ती थांबली की त्याचा जीव टांगणीला लागायचा. आणि आता बजरंगने, माल वाया जातो म्हणून, तीच झडप तारेने बांधली होती. बजरंग असा पहिल्यापासून चोख माणूस. शेतातल्या पाण्याच्या पाइपलाही तो थेंब गळू देत नाही.

"बजरंगकडे नारळ फोडायला बोलावलंय, जाऊन येतो," त्याने बायकोला, सलोमीला सांगितलं. ती बायकांबरोबर गाण्याची चोपडी चाळत बसली होती. "थांबा की, मीही येते. मलाही बोलावलं असेलच ना?" ती उठायला लागली. "नको! तू नको," तो एवढ्या जोरात म्हणाला की बाजूच्या दोघीतिघींनी वर पाहिलं. मग त्याला रस्त्यावरचे खड्डे सुचले, तिची कंबर सुचली. सलोमीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मफलर पुढे केला. तो मफलर न घेताच निघाला.

स्कूटर वलवणवरून जुन्या हायवेला लागली तेव्हा त्याला आधी आठवलं ते वडगावचं कोर्टाचं आवार, आणि गोपाळकृष्ण वकिलांचं लिंबाखालचं टेबल. वकील त्याचे जुने गिऱ्हाईक, मोरावळ्याचे. त्याने आडून विचारलं होतं, समजा एखाद्या जुन्या वस्तूत काही उणंअधिक असलं तर? वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "ओहोळ, तुम्ही खोटं बोलणार नाही हे अख्ख्या मावळाला माहीत आहे. बोलूही नका. पण न विचारलेलं सांगत सुटायची कायद्यात सक्ती नाही. माल बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम. आपण लिहू, 'आहे त्या स्थितीत'. विषय संपला." किती सोपं करून टाकलं होतं त्यांनी! शांतवनला त्या दिवशी त्या तीन शब्दांचा केवढा आधार वाटला होता. टाकी आहे त्या स्थितीत होती, यात कुठे खोटं होतं? मग बजरंग यायला उशीर झाला, वकिलांना गप्पांचा मूड आला, आणि त्यांनी आपल्या कॉलेजातल्या सरांची नक्कल करत घोड्याची गोष्ट सांगितली. एक जण घोडा विकतो. घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. "तर मंडळी," वकील सरांच्या आवाजात म्हणाले, "इथं गप्प राहणं हेच बोलणं!" आणि स्वतःच खो खो हसले. शांतवनही हसला होता. आता कार्ल्याच्या वळणावर ट्रकला बाजू देताना ते हसणं त्याला नकोसं झालं.

कारण बजरंग आला होता आणि अगदी तसंच झालं होतं. कागद वाचून दाखवला तेव्हा त्याने कान खाजवला. "कागदाचं मला काय कळत न्हाई, भाऊ. तुमी तुमच्या देवाची आण घिऊन सांगा, टाकी चांगली हाय म्हनून. मग मी डोळं झाकून सही करतो." आणि शांतवनने, गळा साफ करून, शांतपणे सांगितलं होतं, "आमच्यात आण घेत नाहीत, बजरंग. आमचं होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही." बजरंगचा चेहरा उजळला होता. "बगा वकीलसायेब! ह्ये मानूस आण घ्येत न्हाई. मग तर आनखीच चांगलं." आणि त्याने सही ठोकली होती. वकिलांनी क्षणभर चष्म्यावरून शांतवनकडे पाहिलं, मग शिक्का शोधायला लागले. त्या क्षणात शांतवनने होय म्हटलंच नव्हतं. त्याने फक्त आपल्या लोकांची रीत सांगितली होती. सगळा धर्म त्याने एका पडद्यासारखा पुढे ओढला आणि मागे उभा राहिला. खोटं बोलला असता तर निदान जीभ तरी अडखळली असती.

आणि ही रीत काही त्याची कमाई नव्हती, हे त्याला आणखी बोचत होतं. ती बापाची होती. नगरकडून रेल्वेत लागून लोणावळ्याला आलेला बाप सुटीच्या दिवशी बाजारात अंडी विकायचा, आणि तडकलेलं अंडं असलं तर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरून दाखवायचा. "हे घेऊ नका, बाई." लोक हसायचे. मग हसणारेच त्याच्याकडे यायला लागले. किरिस्तावाकडून घे, बघायची गरज नाही, असं बाजारात म्हटलं जायचं. शांतवन त्याच नावावर उभा राहिला. त्याच्या मोरावळ्याची बाटली कुणी उघडून पाहिली नाही की आवळ्याचं वजन कुणी पुन्हा केलं नाही. रविवारच्या शाळेत तो मुलांना सांगायचा, आपल्या तोट्याचा असला तरी दिलेला शब्द फिरवायचा नाही. मुलं माना डोलवायची. आणि भंगारवाल्याऐवजी बजरंगला टाकी दिली तेव्हा त्याला तोट्याची भीती नव्हतीच मुळी. देव साक्षीला आहे, त्यात त्याला काही मोठा फायदा नव्हता. त्याला भीती होती ती सांगण्याची. तीन वर्षं मी फुटक्या टाकीवर धंदा केला, असं बजरंगच्या तोंडावर म्हणण्याची. ओहोळ असं करतो, हे कुणाला कळण्याची. एवढ्याशा लाजेपायी त्याने आठ-दहा बायकांना त्या टाकीभोवती नेऊन बसवलं होतं.

कान्ह्याचं रेल्वे फाटक बंद होतं. स्कूटर बंद करून तो रांगेत थांबला. पुढे पिकअपमध्ये बकऱ्या होत्या, एक जण खाली उतरून शेंगा खात होता. सगळं इतकं निवांत होतं की शांतवनला ओरडावंसं वाटलं. त्याने डोळे मिटले आणि प्रार्थना करायला लागला. प्रभू, त्यांना सांभाळ. प्रभू, मला वेळेत पोचव. शब्द सरावाचे होते, आपोआप येत होते, आणि त्यांच्या खालून दुसरंच काहीतरी येत होतं. ते काय आहे हे त्याला हळूहळू कळलं आणि त्याने घाबरून डोळे उघडले. तो मागत होता की फाटक उघडू नये. मालगाडी यावी, लांबलचक, मग आणखी एक यावी. जे व्हायचं ते तिकडे आपल्या मागे होऊन जावं. मग कुणाला काय कळणार होतं? झडप बजरंगने बांधली. करार कपाटात होता. वकील होते. फक्त एक दुःखी चेहरा करून मयताला जायचं होतं. आणि त्याही खाली, अगदी तळाला, आणखी एक साधी, नागडी भीती होती: आता गेलो आणि मी दारात असतानाच ती फुटली तर? अंगावर उकळतं पाणी येतं तेव्हा माणूस लगेच मरतो की नाही? हा मी आहे, त्याला वाटलं, इतकी वर्षं पहिल्या बाकावर बसणारा, हा मी आहे. मागच्याने हॉर्न दिला. फाटक केव्हाच उघडलं होतं.

टाकवे मागे पडलं. रस्ता चढायला लागला, कापणी झालेली भाताची खाचरं दोन्ही बाजूंना पिवळी, रिकामी पडली होती. कुठेतरी पेंढ्यांची उडवी, एखादी म्हैस, बाकी चिटपाखरू नाही. प्रत्येक वळणावर तो कानोसा घ्यायचा. धूर दिसतोय का, लोक पळतायत का. काही नव्हतं. भीती काही कमी होत नव्हती, पण तिच्यात एक बारीकसा दिलासा त्याने कुठून तरी शोधून आणला, आणि तो घट्ट धरून ठेवला. निदान टाकी आपल्याकडे असताना आपण कुणाला धोक्यात घातलं नाही. बाया बाहेर जांभळीखाली फळं निवडायच्या. टाकीच्या खोलीत फक्त आपण. जी काही मान अडकली होती ती आपली एकट्याची. हे देवासमोरही सांगता येण्यासारखं होतं. त्याने ते मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. मग वाडी आली.

बजरंगच्या घराला लागून पत्र्याची नवी खोली होती. दाराला झेंडूचं तोरण. आत टाकी पेटलेली होती, आणि तिच्या भोवती बायका गोल करून बसल्या होत्या, नव्या साड्यांतल्या, मांडीवर ताटं घेतलेल्या. "भाऊ आलं! भाऊ आलं!" बजरंग धोतर सावरत पुढे आला. "या, हितं बसा. खास तुमच्यासाटी खुर्ची मांडलीया." खुर्ची टाकीच्या अगदी जवळ होती. शांतवनचे पाय उंबऱ्यावरच थांबले. तिथून त्याला काटा दिसत होता. तो अर्ध्याच्या बराच पुढे गेला होता; इतका पुढे की शांतवनने तो तिथे कधी पाहिलाच नव्हता. झडपेवर तार चार वेढे घालून आवळलेली होती आणि तारेत बजरंगने हौसेने एक फूल खोवलं होतं. टाकी आतून एक बारीक, एकसुरी आवाज करत होती. काय बोलावं? सगळ्यांसमोर? त्याच्या तोंडून जे बाहेर आलं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "आधी फोटो," तो हसत म्हणाला, "सगळ्यांचा. बाहेर, उजेडात. चला, चला, लांब खाचरात उभ्या राहा, मागे डोंगर आला पाहिजे." बायका हरखून उठल्या, पदर सारखे करत बाहेर पडल्या. स्नेहल केस नीट करत गेली. बयाबाई सगळ्यांत शेवटी, गुडघ्यांवर हात ठेवून. एवढं सोपं होतं! सगळ्या बाहेर होत्या, आणि अजूनही कुणाला काही कळलेलं नव्हतं. फोटो काढता काढता आग विझेल, नंतर काहीतरी बोलून टाकी परत नेता येईल, बिघाड झाला म्हणता येईल. त्याला एकदम रडूच आलं, सुटकेचं.

"थांबा, येवडी दोन लाकडं सारून येतो," बजरंग म्हणाला आणि मागे वळला. "धूर दिसाय पायजे फोटूत."

"बजरंग!" शांतवन किंचाळला. तो आवाज त्याचा वाटत नव्हता. "आत जाऊ नको! फुटेल ती! तळाचा जोड फुटका आहे, मला माहीत होतं, पहिल्यापासून माहीत होतं!"

बजरंग दारात थबकला. मग तो सावकाश चालत खाचरात आला. शांतवनने सगळ्यांना आणखी मागे, बांधापलीकडे नेलं. आत जाऊन लाकडं ओढायची कुणाची छाती नव्हती. शांतवनची तर नव्हतीच. आग आपोआप विझेपर्यंत वाट बघण्याशिवाय काही हातात नव्हतं. सगळी जणं ढेकळांवर बसली. नव्या साड्यांवर माती लागत होती, कुणी झटकत नव्हतं. पत्र्याच्या खोलीतून तो एकसुरी आवाज येत होता आणि मधूनच वर चढायचा, तशा सगळ्या माना खाली जायच्या. स्नेहल गुडघ्यात डोकं घालून बसली होती. शांतवनने मग सगळं सांगितलं: चीर, वेल्डर, झडप का सैल होती ते. बजरंगने एकच विचारलं, "वकिलाला ठाव व्हतं?"

"नाही. मला एकट्याला."

"आन तितं, सहीच्या टायमाला, तुमी म्हनला..." बजरंग आठवत थांबला. मग त्याच्या लक्षात आलं असावं की भाऊ तसं काहीच म्हणाले नव्हते. त्याने मान हलवली आणि एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडायला लागला.

खूप वेळ गेला. आवाज हळूहळू उतरत होता. आता निदान एवढं तरी आपल्या बाजूने बोलावं असं त्याला वाटलं. "टाकी मी परत नेतो. कागद फाडून टाकू. पण बजरंग, एक सांगतो. माझ्याकडे होती तेव्हा मी कुणाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. तिथे मी एकटाच असायचो. मरायचं तर मी मेलो असतो."

"येकटं?" बयाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच आठवून बघत होती. "मग आवळ्याच्या पाट्या आत कोन न्यायचं, भाऊ? मीच की. तुमी काट्याकडं नजर लावून असायचा, मी मागनं येऊन कढईत पाटी वतायची. तीन हंगाम झालं." तिने पदराने तोंड पुसलं. "सलोमीबाय च्या घिऊन दारापत्तुर यायच्या. तुमी खेकसायचा, आत येऊ नगंस, तितंच थांब. मला वाटायचं, उकाड्यापायी जपतोय मानूस बायकोला. बरं वाटायचं बगून."

शांतवन ती खोली आठवायला लागला. काटा आठवला. आगीची धग आठवली, दारातली सलोमी, तिच्या हातातला चहा, स्वतःचा वर झालेला हात. आणि मग डाव्या बाजूला, नजरेच्या कडेला, एक पाटी रिकामी होत होती. रोज होत होती. आवळे कढईत पडल्याचा आवाजही त्याच्या कानात होता. पाटीमागे माणूस होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने वर पाहिलं. बयाबाई त्याच्याकडेच बघत होती.

"मला कदी म्हनला न्हाई, आत येऊ नगंस म्हनून," ती म्हणाली.